उलटा साचा

माझ्या नाकावर कायम राग असतो, हे आमच्या कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला माझा धाकटा भाऊ दारातच सांगून ठेवतो. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. तिच्यात दगड कापायचं मोठं यंत्र, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या लाद्या आणि पायाखाली सदा चिखलपाणी. आम्ही स्वयंपाकघराचे दगडी ओटे करतो. बाबा गेल्यावर धंदा आम्हा दोघांकडे आला. मापं घेणं, साचा करणं आणि गिऱ्हाइकाशी भांडणं माझ्याकडे. कापणं, घासणं, बसवणं आणि त्याच गिऱ्हाइकाची समजूत काढणं भावाकडे. भाऊ अंगाने नुसती काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. मीही म्हणते.

त्या घरी मापं घ्यायला गेलो तेव्हा दार साहेबाने उघडलं. तो इतकं हळू बोलायचा की समोरच्याला वाकून ऐकावं लागायचं. मी मनातल्या मनात लगेच त्याचं नाव हळूसाहेब ठेवलं.

"या ना मॅडम. पाय पुसून या हं. नाहीतर हिला पुन्हा लादी पुसावी लागते."

ही म्हणजे त्याची बायको. ती त्याच्या मागे अशी उभी होती की त्याने एक पाऊल मागे घेतलं तर आपण वाटेत नको. आपल्याच घरात माणूस असं उभं राहतं तेव्हा माझं डोकं तापायला सुरुवात होते.

स्वयंपाकघर म्हणजे एक बोळ होता. एका टोकाला दिवाणखाना, दुसऱ्या टोकाला मागचं दार, त्याच्याबाहेर गल्लीत उतरणाऱ्या पायऱ्या. दोन्ही भिंतींना समोरासमोर जुने ओटे आणि मधे एका माणसाला धड चालता येईल एवढी वाट. दोन माणसं आली की एकाला अंग चोरावं लागणार. मला अशी बोळातली स्वयंपाकघरं आवडतात. नुसतं वळलं की सगळं हाताशी येतं, उगाच येरझारा नाहीत. फक्त दोन्ही टोकं मोकळी हवीत.

"इकडे तिसरा ओटा हवाय," हळूसाहेब मागच्या टोकाकडे बोट दाखवत म्हणाला. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अखंड. बेसिन त्यातच घ्या."

"आणि हे दार?"

"दार बंदच करायचंय. धूळ येते. ओटा बसला की मागून विटा लावून टाकू."

बायको तेव्हा खण रिकामा करत होती, म्हणजे आम्हाला मापं घेता यावीत. चमचे काढता काढता ती खाली मान घालून म्हणाली, "दार राहू दे ना. तेवढीच हवा येते."

हळूसाहेबाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "काळ्या दगडावर डाग दिसत नाहीत ना?" आणि विचारता विचारता गुडघ्याने खण आत लोटला. हळूहळू लोटला. तिची चार बोटं आत होती. खण थांबला तसा त्याने आणखी जोर दिला. ती ओरडली नाही, फक्त टाचा उचलून चवड्यांवर उभी राहिली आणि तिच्या गळ्याच्या शिरा वर आल्या.

"अहो, बोटं!" मी किंचाळले.

"अरेरे, दिसलंच नाही मला," तो म्हणाला. "बघून काम करत जा गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातल्या टेपची पोलादी पट्टी त्याच्या तोंडावर सोडावी, असं वाटलं. तेवढ्यात पैलवानाने माझ्या पायावर पाय दिला. ही आमची जुनी खूण. म्हणजे गप्प बस. बसले गप्प, पण दात इतके आवळले होते की कानशिलं दुखायला लागली.

मग त्याला फोन आला आणि तो दिवाणखान्यात गेला. ती नळाखाली बोटं धरून उभी होती. पाणी लाल होऊन वाहत होतं. नळाच्या आवाजाआड तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"ताई, पुढच्या दाराला ते बाहेरून कुलूप लावून जातात. मागच्या दाराची नुसती कडी आहे. माझी बहीण परदेशातून महिनाअखेरीला येतेय, ती मागच्या गल्लीत गाडी घेऊन थांबणार आहे. तिच्याशिवाय मला कुणी नाही. तोवर हे दार राहिलं पाहिजे. तुम्ही काम नको म्हणालात तर ते उद्या दुसऱ्याला आणतील."

"वहिनी, काम मी घेते," मी म्हटलं. "पण ओटा बसणार नाही. एवढं लक्षात ठेवा आणि निवांत राहा."

"म्हणजे?"

"म्हणजे बसणार नाही."

ती पहिल्यांदा हसली. हसताना तिचा एक दात अर्धा तुटलेला दिसला, आणि मी नक्की ठरवलं.

आमच्या धंद्यात कुठल्याच घराची भिंत गुण्यात नसते. काटकोन म्हणून ज्याला घरमालक छाती ठोकून सांगतो तो कोपरा बोटभर तरी तिरका असतोच. म्हणून नुसत्या मापांवर दगड कापत नाहीत. पातळ प्लायच्या पट्ट्या भिंतीला लावून, जागेवरच एकमेकींना चिकटवून त्या जागेचा साचा करतात. तो साचा दगडावर ठेवून आखणी होते. साच्याच्या वरच्या अंगाला मोठ्या अक्षरात 'वर' असं लिहायचं, हा बाबांचा दंडक. साचा चुकून पालथा पडला की दगड आरशातल्यासारखा निघतो. डावं ते उजवं. समोरासमोरच्या ओट्यांमध्ये तर ही फजिती प्रत्येक कारागिराची एकदा तरी होतेच, आणि मग पुढची पाच वर्षं त्याची टिंगल होते. माझी कधीच झाली नव्हती. त्या संध्याकाळी कारखान्यात मी ओल्या फडक्याने 'वर' पुसलं, साचा पालथा केला आणि त्याच्या पोटावर तोच शब्द ठसठशीत लिहिला.

पैलवानाला फसवणं सोपं नव्हतं. त्याने साचा लादीवर ठेवला, खडूने आखायला वाकला आणि तसाच सरळ झाला.

"ताई, हा उलटा आहे."

"सुलटा आहे. वाचता येतं ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "त्या बोटांमुळे ना?"

"कापतोस की मी कापू?"

"आणि उद्या त्याने राग तिच्यावर काढला तर?"

"तिच्यावर कशाला काढेल? चूक आपली. मला चार शिव्या देईल. नवा दगड, नवा साचा, नवी तारीख. महिना आरामात जाईल. ओळीने सगळा विचार केलाय मी."

स्वतःवर मी भलतीच खूश होते. खरं तर बायकोची बोटं खणात चिरडून दगडाच्या डागांबद्दल विचारणारा माणूस राग कुणावर काढेल, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

यंत्र सुरू झालं. पातं दगडात शिरलं की जो आवाज निघतो त्याची मला लहानपणापासून सवय आहे, पण त्या दिवशी तो अंगावर आला. काळं पाणी आमच्या छातीवर, तोंडावर उडत होतं. बेसिनसाठी मधापासून जरा एका अंगाला भोक पाडलं. त्या भोकाच्या पुढे आणि मागे दगडाची जेमतेम चार बोटांची पट्टी उरते आणि अख्ख्या लादीचा जीव तिथेच असतो. उचलताना जरा पीळ बसला की तिथून तुटली म्हणून समजा. म्हणून आम्ही त्या पट्टीला लाकडाची फळी आवळून बांधतो आणि मगच लादी हलवतो.

बसवायच्या दिवशी सुताराने जुने ओटे काढून दोन्ही बाजूंची खालची कपाटं उभी करून ठेवली होती. मागच्या भिंतीपासून दोन हात जागा त्याने तिसऱ्या ओट्यासाठी मोकळी सोडली होती. आम्ही दोघांनी लादी कपाटांच्या वरून आत नेली आणि टेकूंवर ठेवली. उजवा कोपरा भिंतीत घुसायला बघत होता, डाव्या बाजूला हात जाईल एवढी फट. बेसिनचं भोक एकीकडे आणि पाण्याचा पाइप दुसरीकडे.

"अरेच्चा!" पैलवान कपाळावर हात मारून ओरडला. एरवी त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून त्याने त्या दिवशी जरा जास्तच जोर लावला. "साहेब, घोटाळा झाला हो! उलटा कापला गेला!"

"माझी चूक," मी म्हटलं. "साचा पालथा पडला. नवा करून देते."

आम्ही लादी टेकूंवरून उतरवली, मागच्या भिंतीला टेकवून कडेवर उभी केली आणि मगच फळी सोडून घेतली. कापलेली लादी कधी आडवी ठेवायची नाही, उभी करून जवळच्या भिंतीला टेकवायची, हे आमच्या हातांना इतकं मुरलेलं आहे की डोक्याला कुणी विचारतच नाही. मागचं दार आत उघडणारं होतं. लादी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होती. ज्या दारासाठी हा सगळा खटाटोप केला तेच दार मी माझ्या हाताने बंद केलं, आणि ते माझ्या गावीही नव्हतं.

"दोरी घेऊन येतो," म्हणून पैलवान टेम्पोकडे गेला. टेम्पो मागच्या गल्लीत उभा होता आणि मागचं दार अडलेलं, म्हणून त्याला पुढून सगळ्या इमारतीला वळसा घालावा लागणार होता. मी मागच्या टोकाला हत्यारं गोळा करत होते. ती बोळाच्या मधे उभी होती. हळूसाहेब दिवाणखान्याच्या तोंडाशी. तो लादीकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता.

"तुला नवल नाही वाटलं?" त्याने विचारलं.

"कशाचं?"

"दगड उलटा निघाला. मी दचकलो. तो मुलगा ओरडला. तू नाही दचकलीस."

"मला काय कळतंय त्यातलं."

"तेच म्हणतोय मी," तो हळूच म्हणाला, आणि त्याने तिच्या मुस्काटात मारली.

चष्मा तिच्या डोळ्यांवरून उडून कपाटाच्या फळीवर जाऊन पडला. दुसरा फटका पाठोपाठ. मग केस धरून त्याने तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. एकदा, आणि मग पुन्हा, कारण पहिल्या वेळी त्याचं समाधान झालं नव्हतं. तिच्या भुवईवरून रक्ताची धार लागली. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही, बहुतेक आईबहिणीवरून. ती त्याच्या हातातून सुटून माझ्याकडे आली. तिच्या केसांचा पुंजका त्याच्या मुठीत राहिला.

कपाटावर आमची पहार पडली होती. दगड सरकवायची, हातभर लांबीची. त्याने ती उचलली.

"बाहेरच्या लोकांशी बोलतेस," तो म्हणाला. आवाज अजूनही तसाच, मऊ. "मागे दार आहे म्हणून बोलतेस ना? उघड बरं. जा."

तिने वळून दाराकडे बघितलं. मीही बघितलं. काळी लादी दारावर रेलून उभी होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

पहिला वार तिच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. दुसरा वार अडवायला मी तिच्यावरून हात पुढे केला. मनगटावर पहार बसली आणि कोपरापर्यंत सगळं बधिर झालं. तिसरा वार कपाटाच्या फळीत घुसला. पहार अडकली आणि तो ती उपसायला लागला.

माझ्या दुसऱ्या हातात हातोडा होता. तो त्याच्या टाळक्यात घालायचा होता, खोटं कशाला बोलू. तसा तो घातलाही असता. पण बोळ अरुंद, मधे तिचं डोकं, आणि माझा हात डावा. म्हणून मी उलटी फिरले आणि लादीवर घाव घातला. बेसिनच्या भोकावरच्या त्या चार बोटांच्या पट्टीवर. पहिल्या घावाला ठिणगी उडाली. दुसऱ्याला तडा गेला. तिसऱ्याला वरची पट्टी तुटली आणि सगळ्या लादीचं वजन खालच्या पट्टीवर आलं, तशी तीही आपोआप मोडली. आयुष्यभर जो दगड तुटू नये म्हणून श्वास रोखून धरला, तो तोडताना माझ्या तोंडून हुंदका बाहेर पडला.

तिला कोपऱ्यात रेटून अर्धी लादी मी वरच्या कडेला धरून अंगावर ओढली आणि बाजूला झाले. तेवढ्यात पहार उपसून हळूसाहेब पुढे आला होता. लादी त्याच्या पायावर आली. घोट्याच्या वर, नडगीवर, तुटलेली कड खाली. तो मागे पडला, बोळातच, दोन कपाटांच्या मधे, आणि पहार घरंगळत दिवाणखान्यात गेली. उरलेला तुकडा मी पायाने रेटला. कडी काढली आणि दार हातभर उघडलं.

"जा!" मी तिला ढकललं. "खाली आमचा टेम्पो आहे. आत बसा आणि काच वर करा!"

ती फटीतून बाहेर पडली. मोडलेला हात पोटाशी धरून, अनवाणी.

तुटलेली लादी म्हटली तरी धडधाकट पुरुषाला दोन्ही हातांनी ढकलता येईल एवढीच ती होती. त्याने हात लावले. मी लादीवर चढून उभी राहिले.

तो कण्हला. वर बघून म्हणाला, "मॅडम, उतरा."

"नाही."

मग त्याने दाराकडे मान वळवली आणि तिला हाक मारली. ओरडून नाही. लाडाने, ताप आलेला माणूस हाक मारतो तशी. "अगं, लागलंय मला. ये ना. बघ तरी. ये."

बाहेर पायऱ्यांवरची पावलं थांबली.

तेवढ्यात पैलवान दोरी घेऊन दिवाणखान्यातून धावत आला. रक्त बघितलं, मला बघितलं, खाली पडलेल्या माणसाला बघितलं. सवयीने तो लादीला हात घालायला वाकला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

"ताई, पाय जाईल त्याचा."

"जाऊ दे."

"ताई!"

"ती थांबलीय. ऐकू येत नाही तुला? तो सुटला तर ती आयुष्यभर अडकली."

पैलवान तसाच वाकलेला राहिला. आम्ही तिघंही ऐकत होतो. पावलं पुन्हा वाजली, पण खाली जाणारी नव्हती. वर येत होती. दार सरकलं आणि ती आत आली.

ज्या आवाजाला ती इतकी वर्षं ओ देत आली होती, त्याच्यापुढे माझी दोन भेटींची ओळख किती पुरणार? "वहिनी, नका," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"आलीस," हळूसाहेब म्हणाला. "मला माहीत होतं. उचल हे."

ती लादीवर चढली. माझ्या शेजारी. दोघींचं वजन पडलं आणि तो किंचाळला. त्याचा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पातळ, चिरका, शेजारपाजारच्या चार घरांत जाईल असा. तिने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. माझ्या खांद्याचा आधार घेऊन चांगला हात लांब केला आणि कपाटाच्या फळीवर चाचपडायला लागली. चष्मा सापडला. पदराने काचेवरचं रक्त पुसलं आणि तो डोळ्यांवर चढवला. एक काच तडकलेली होती.

मग तिने खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. तो ओरडायचा थांबला.

"ताई," ती मला म्हणाली, "तुमचं मनगट सुजलंय. थंड पाणी लावा." आणि उतरली.

पायऱ्यांवर पावलं पुन्हा वाजली. या वेळी खाली जाणारी. मधे कुठे थांबली नाहीत. मी लादीवर उभी होते, मनगटात कळा येत होत्या, आणि खाली तो विनवण्या करत होता. मला वाईट वाटत नव्हतं. अजिबात नाही.

खाली गल्लीत टेम्पोचं दार धाडकन लागलं.

"पैलवान," मी म्हटलं, "आता उचल."